आधी तारीख, मग वारा

११ जानेवारी
'किटीवेक', जुन्याच जागी

प्रिय मॅव्हिस,

हाताने लिहितेय, कारण तीन मेल पाठवून झाल्या आणि एकीचंही उत्तर आलं नाही. मेल न वाचता पुसून टाकता येते. कागद निदान फाडावा तरी लागतो. 'टिम्बरलाइन'वाले परवा विमानाने हॅलिफॅक्सला निघालेत, त्यांना नात झालीय. नेहमीसारखी सगळ्या बंदराची पत्रं त्यांच्याच पिशवीत जाणार.

आम्ही 'किटीवेक' घेऊन रविवारी पोचलो. एक दिवस आधी पोचलो असतो, पण शुक्रवार मध्ये आला आणि लॉर्न शुक्रवारी नांगर उचलत नाही. "अंधश्रद्धा नाही गं, सवय आहे," असं यंदाही म्हणून झालं. बंदरात या घडीला साठेक बोटी आहेत. निम्मे जुने, निम्मे नवे. नव्यांच्या बोटी मोठ्या आणि नांगर लहान. दुपारी किनाऱ्यावर व्हॉलीबॉल, गुरुवारी ज्याचं त्याचं जेवण घेऊन झाडांखाली पंगत. 'ऑर्किड'वालीने परत तेच बटाट्याचं सॅलड आणलं. परत सगळ्यांनी तिची पाककृती मागून घेतली आणि करून कुणीच बघणार नाही.

तुमच्या जागी कुणी नांगर टाकत नाही. खाली चांगली घट्ट वाळू, वाऱ्याला आडोसा, तरी रिकामी. काल एक नवी जोडबोट तिथे शिरत होती, तर तीन होड्यांवरून तीन माणसं एकदम ओरडली, "तिथे नको, नांगर धरत नाही!" त्यात एक लॉर्न होता. चेहऱ्यावरची रेषही न हलवता खोटं बोलला.

सकाळी आठला रेडिओवर सगळ्या बोटींची हजेरी होते, पण ती एल्डनची हजेरी नाही. यंदा विलेमने घेतली आहे. नव्या बोटींची नावं तो चुकीची वाचतो, आणि हवामानाच्या आधी स्वतःचे गुडघे. परवा कुणीतरी मध्येच म्हणालं, "विलेम, तुझ्या गुडघ्यांचं उद्या ऐकू, आज वाऱ्याचं सांग." एल्डनचा नियम कुणाच्याच लक्षात नाही. आधी तारीख, मग वारा, मग भरती, मग बाकीचं जग. आम्ही त्याला हसायचो.

मिस युलामेच्या दुकानात गेले. डाकबोट नुकतीच नॅसाउहून लागली होती आणि कोबीसाठी रांग होती. मला बघताच ती काउंटरमागून म्हणाली, "माझी मॅव्हिस कुठाय?"

"यंदा नाही आली."

"ते दिसतंय मला. का नाही आली, ते विचारतेय."

"एल्डनची तब्येत..."

"तब्येत माहीत आहे गं बाळ. साऱ्या बेटाला माहीत आहे. दुकानातही रेडिओ लावलेला असतो." मग तिने न मागता मला दोन कोबी दिले आणि म्हणाली, "तिला लिही, युलामे विचारत होती म्हणून."

लिहिलं.

तुम्ही तुमची 'सँडपायपर' विकायला काढल्याचं बोटींच्या यार्डातल्या क्लिओफसकडून कळलं. आतलं सामान कोण काढणार, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, मी काढते. तुला न विचारता म्हटलं. नको असेल तर त्याला कळव, मला नाही कळवलंस तरी चालेल.

त्या दिवसाबद्दल मेलमध्ये लिहिलं होतं तेच परत लिहिते. रेडिओचा माईक माझ्या गादीखाली सरकला होता आणि त्याचं बटण दाबलं गेलं. अपघात होता. मला वाईट वाटतं.

तुझी,
थिया


२७ जानेवारी
'किटीवेक'

प्रिय मॅव्हिस,

गेले चार दिवस उत्तरेचा वारा होता. सगळं बंदर उठून समोरच्या किनाऱ्याला गेलं आणि काल परत आलं. त्या जोडबोटीचा नांगर सुटला, ती मागे मागे सरकत 'ऑर्किड'वर गेली. फार काही झालं नाही, एक कठडा वाकला. 'ऑर्किड'वालीने रात्रभर दोघांना आपल्याकडे ठेवून घेतलं आणि बटाट्याचं सॅलड खायला घातलं.

वारा पडल्यावर मी यार्डात गेले. 'सँडपायपर' टेकूंवर उभी आहे, शिडीने चढावं लागतं. पाण्याबाहेर बोट एवढी उंच दिसते की ओळखू येत नाही. आत बुरशी नाही, तू व्हिनेगरने पुसून गेली होतीस ते कळतं. तुझे कप, पुस्तकं, शिवणाचं यंत्र असं सगळं खोक्यांत भरलं. मग एल्डनच्या वस्तूंकडे वळले.

आता जे लिहितेय ते लिहावं की नाही, असा काल रात्रभर विचार केला.

इंजिनाच्या कप्प्याचं झाकण उचललं. तू ते कधीच उघडत नव्हतीस, वासाने डोकं धरतं म्हणायचीस. झाकणाच्या आतल्या बाजूला चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. एल्डनच्या मोठ्या, छापल्यासारख्या अक्षरांत, वर पारदर्शक पट्टी लावून. 'गॅस: दांडी आडवी म्हणजे बंद.' 'इंजिन आधी पाणी, मग चावी.' मला वाटलं, कामाची टिपणं असतील. मग नकाशाच्या टेबलाखाली अजून सापडल्या. पावसाळी कोटाच्या आतल्या खिशात एक छोटी वही. 'किनाऱ्याहून परतताना पांढरं चर्च पाठीशी, निळं शीड समोर.' निळं शीड म्हणजे आमचं. 'शेजारी: थिया. नवरा लॉर्न (उंच).' 'मॅव्हिस चहात साखर घेत नाही. विचारायचं नाही.' 'मॅव्हिसचा वाढदिवस १४ मार्च.' आणि वहीच्या पहिल्या पानावर, खाली रेघ मारून: 'मॅव्हिसला कळू द्यायचं नाही.'

पहिल्या पानावर तारीख आहे. चार वर्षांपूर्वीची.

तू मला त्या दिवशी सांगितलंस की तो विसरत चाललाय हे तुला कळलंय, आणि ते दोन वर्षं तू त्याच्यापासून लपवतेयस. तो तुझ्यापासून तीन वर्षं लपवत होता.

मला तो दिवस परत लिहून काढावासा वाटतो, म्हणजे तुझ्या आठवणीशी माझी जुळते का बघता येईल. त्याच्या आठ दिवस आधी बेटावरचा टॉवर बंद पडला होता, कुणाच्याच फोनवर हवामान येत नव्हतं. सगळं बंदर एल्डनच्या आवाजावर होतं. त्याने 'वारा दक्षिणेचा, दोन दिवस निवांत' असं वाचलं आणि सिल्वी आणि तिचा नवरा 'मार्गेरिट' घेऊन निघाले. खाडीच्या तोंडाशी उत्तरेच्या वाऱ्याने त्यांना गाठलं. शीड फाटलं, सिल्वीचं मनगट मोडलं, कशीबशी ती माघारी आली. किनाऱ्यावर कुणी एल्डनला दोष दिला नाही. हवामान फिरतं, असंच सगळे म्हणाले.

त्यानंतर आठव्या दिवशी, हजेरी झाल्यावर, तू होडी वल्हवत माझ्याकडे आलीस. तुझ्या नेहमीच्या जागी बसलीस, रेडिओसमोर, स्टोव्हकडे पाठ करून. मी नुकतंच कुणाला तरी कोबीचं विचारून माईक बाकावर टाकला होता. गादी सरकवून बसले, मांडीवर फाटक्या शिडाचा तुकडा घेतला. तू बोलायला लागलीस. किनाऱ्यावरून त्याला बोट सापडत नाही, म्हणून तू हाक मारायला डेकवर उभी राहतेस. नकाशा तू बघतेस आणि सुकाणूवर त्याला बसवतेस, लोकांनी बघावं म्हणून. हवामान तू लांब पल्ल्याच्या रेडिओवर ऐकून कागदावर उतरवून देतेस आणि तो फक्त वाचतो.

अकरा मिनिटं. नंतर विलेमने सांगितलं, त्याने घड्याळ बघितलं होतं. आपला माईक दाबलेला, त्यामुळे आपल्याला कुणी काही सांगूही शकत नव्हतं. एरवी कुणी दोघी 'चॅनेल बाहत्तरवर चल' म्हणाल्या की सगळं बंदर चोरून बाहत्तरवर जातं आणि नंतर नाही म्हणतं. त्या दिवशी कुणालाच कुठे जावं लागलं नाही. विलेम होडीचं इंजिन पूर्ण दाबून आला आणि आमच्या बोटीवर मुठीने थापा मारत ओरडला, "माईक! बायांनो, माईक!"

आणि मग शेजारच्या बोटीवरून एल्डन आला, तुमच्या दुसऱ्या होडीतून. इंजिन न लावता, वल्हवत. सरळ आला, चुकला नाही. आमच्या कडेला धरून उभा राहिला आणि म्हणाला, "मॅव्हिस, जेवायची वेळ झाली. चल."

माझ्याकडे बघून म्हणाला, "थिया, सूप जास्त केलंय, पाठवू का?"

मी नको म्हटलं. पुढच्या आठवड्यात तुम्ही गेलात.

चिठ्ठ्या मी काढलेल्या नाहीत. क्लिओफसकडे गिऱ्हाइकं यायच्या आत काढाव्या लागतील. तू सांगशील तसं करीन. टाकून दे म्हणालीस तर टाकून देईन, पण मला ते जमेल असं वाटत नाही.

थिया


१० फेब्रुवारी
'किटीवेक'

प्रिय मॅव्हिस,

'मार्गेरिट' परत आली. सिल्वीच्या मनगटात धातूची पट्टी आहे, हात फिरवला की कटकट आवाज येतो आणि ती तो सगळ्यांना ऐकवते. पंगतीत माझ्या शेजारी येऊन बसली.

"एल्डन कुठाय?"

मी सांगितलं. तिने त्या दिवशी रेडिओ ऐकला नव्हता, त्यांना तेव्हा दवाखान्यात नेलं होतं. या बंदरात न ऐकलेली ती एकटीच. ऐकून जरा वेळ मासा खात राहिली आणि म्हणाली, "त्याला लिहिलंस तर सांग, माझा राग नाही. आकाश बघायला मलाही डोळे आहेत. आम्हाला निघायची घाई होती, म्हणून जे हवं होतं तेच आम्ही ऐकलं."

मग 'ऑर्किड'वाली उभी राहिली आणि टाळ्या वाजवून म्हणाली, "मंडळी, विलेमने राजीनामा दिलाय."

"दिला नाही, घेतलाय माझ्याकडून," विलेम म्हणाला.

"गुडघ्यांना विश्रांती दिलीय तुझ्या! आता हजेरी थियाने घ्यावी, असं सगळ्यांचं म्हणणं आहे."

सगळ्यांनी टेबलं बडवली. मी नाही म्हटलं. त्यांना वाटलं मी लाजतेय. परत परत म्हणाले, तेव्हा मी ताट उचलून होडीकडे गेले. वाळूत लॉर्न मागून आला. "झालं काय तुला?" मी म्हटलं, डोकं दुखतंय. त्याने होडी ढकलून दिली. बावीस वर्षं बरोबर आहोत, डोकं कधी दुखतं आणि कधी नाही ते त्याला कळतं.

मॅव्हिस, नाही का म्हटलं ते तुलाच सांगायला हवं.

टॉवर बंद होता त्या सकाळी एल्डनने तारीख वाचली नाही. सरळ वाऱ्यावर आला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. मी चहा ढवळत होते, आणि चमचा थांबला, हे मला पक्कं आठवतं. मला वाटलं, तारीख कशी नाही वाचली? पण माईक उचलून विचारलं नाही. एल्डनला सगळ्या बंदरासमोर कसं विचारायचं? तासाभराने 'मार्गेरिट'चं शीड खाडीकडे जाताना दिसलं, तेव्हाही मी हातच हलवला.

मग सिल्वी मनगट धरून परत आली आणि ते आठ दिवस मला झोप नव्हती. तुला विचारायचं होतं, धीर होत नव्हता.

तू बोलत होतीस तेव्हा रेडिओ माझ्या डाव्या खांद्यामागे होता. पण समोरच्या भिंतीवर लॉर्नच्या वडिलांचं पितळी घड्याळ आहे. त्याच्या काचेत मला लाल ठिपका दिसला. आपण रेडिओवर बोलतोय हे सांगणारा तो दिवा. तू हवामान कागदावर उतरवून देतेस, हे तू नुकतंच सांगितलं होतंस. मला कळलं, सगळं बंदर ऐकतंय. हात नुसता गादीखाली घालायचा होता.

मी घातला नाही. आणि तुला विचारलं, "सिल्वी निघाली त्या दिवशी त्याने आदल्या दिवसाचा कागद वाचला का?"

तू म्हणालीस, "हो. दोन्ही कागद टेबलावर होते. जुना मी फाडायला हवा होता."

प्रश्न मी ठिपका बघून विचारला होता. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, लॉर्नलाही नाही. मला वाटलं असेल, की आता लोकांना कळायला हवं, नाहीतर पुढच्या वेळी मनगटावर भागणार नाही. वाटलं असेल की तुझ्या डोक्यावरचं ओझं उतरेल. ही कारणं मी वर्षभरात जमवली आहेत. त्या क्षणी कुठलं कारण होतं, ते मला माहीत नाही. शेजारच्या बोटीवर एल्डनचा रेडिओ चालू असतो, हे मात्र मला माहीत होतं.

म्हणून मी हजेरी घेऊ शकत नाही. त्या माईकला हात लावला की मला ती गादी आठवते.

तीन मेल आणि पहिल्या पत्रात मी अपघात असं लिहिलं. माईक गादीखाली गेला तो अपघात होता. पुढचं नव्हतं. आता कागद फाडलास तरी चालेल.

चिठ्ठ्या काढून ठेवल्या आहेत. एकीचा कोपरा फाटला, 'गॅस' लिहिलेलीचा. सॉरी. सगळ्या वहीत क्रमाने घालून बिस्किटांच्या डब्यात ठेवल्या आहेत.

थिया


३ मार्च
माहोन बे, नोव्हा स्कॉशिया

थिया,

तुझी तिन्ही पत्रं पोचली. पहिली दोन मी न उघडता फ्रिजवर ठेवली होती. तिसरं जाड होतं, म्हणून आधी ते उघडलं, मग मागची.

इथे गुडघाभर बर्फ आहे. एल्डन बरा आहे. सकाळी तो बर्फ काढतो, दुपारी तेच परत काढायला निघतो, मी त्याला जाऊ देते. आमच्या गल्लीला एवढा स्वच्छ रस्ता कधी मिळाला नव्हता. तुझं नाव त्याला नेहमी आठवतं असं नाही. 'निळ्या शिडाची' म्हणतो.

सिल्वीचा निरोप त्याला वाचून दाखवला. मनगट त्याला आठवलं. खिडकीपाशी गेला. मग म्हणाला, "तारीख नव्हती वाचली मी." मला वाटत होतं हे त्याला माहीतच नाही.

डबा 'टिम्बरलाइन'वाल्यांबरोबर पाठव, ते ईस्टरला परत इकडे येतात. वहीतलं पहिलं पान तू सांगितलंस ते बरं केलंस. त्या दिवशी सूप खाताना तो मला म्हणाला होता, "चला, आता दोघांनाही लपवायला नको." मला तेव्हा वाटलं, त्याचं बोलणं घसरतंय. आता कळलं. घरातल्या चिठ्ठ्या आता मी लिहिते. तो सांगतो. गॅसची सगळ्यात वर आहे.

बोट विकायचीच आहे. ज्यांचा नांगर मोठा आहे अशांना दे. आमच्या जागेवर कुणी आलं तर येऊ द्या, लॉर्नला म्हणावं खोटं बोलू नकोस.

आता तुझ्या ठिपक्याबद्दल.

मी कुठे बसले होते ते तूच लिहिलं आहेस. रेडिओसमोर. तुला तो घड्याळाच्या काचेत दिसला, उलटा, एवढासा. मला समोर होता, डोळ्यांच्या उंचीवर. तू प्रश्न विचारलास त्याच्याही आधीपासून. दोन वर्षं मी त्याच्या तोंडावर जे बोलू शकले नव्हते ते बोलत होते, आणि तो ऐकतोय हे मला माहीत होतं. मी तुझ्याशी बोलतच नव्हते, थिया. मग घरी आले आणि वर्षभर तुझ्यावर रागावून राहिले, कारण माईक तुझ्या गादीखाली होता आणि ते सोपं होतं.

तू विचारलंस. उत्तर मी दिलं.

युलामेला सांग, पुढच्या वर्षी जमलं तर विमानाने येऊ, दोन आठवड्यांसाठी, तिच्या वरच्या खोलीत. जमलं तर. एल्डनला पांढरं चर्च दाखवायचं आहे.

हजेरी तू घे. विलेमच्या गुडघ्यांवर बंदर चालत नाही. दोन कागद टेबलावर ठेवू नकोस. आणि आधी तारीख, मग वारा.

मॅव्हिस